देवीला वाहिलेला बर्फ

वीसेक वर्षं मी लोकांच्या लेकरांचे दंड ओरबाडण्याचा पगार घेतला. कागदोपत्री माझा हुद्दा ‘लसटोचक’ होता, पण यवतमाळ जिल्ह्यातल्या एकाही माणसानं तो शब्द माझ्यासमोर कधी उच्चारला नाही. सगळ्यांच्या लेखी मी ‘देवी डाक्टर’. डॉक्टर नसताना डॉक्टर म्हणवून घेण्यात जे सुख असतं ते मी पुरेपूर भोगलं. माझी सायकल गावात शिरली की आया पोरांना दटावायच्या, “गुमान राह्य, नाई तं देवी डाक्टरले देऊन टाकीन.” आणि मी खरोखरच दारात उभा राहिलो की त्याच आया पोरांना लपवायच्या. मारेगावकडे एकदा एका घरात “आमच्या इथं लेकरूच नाई” असं ठणकावून सांगितलं गेलं. मी उठून निघालो, तोच ओसरीवरचा कापसाचा ढीग शिंकला. आतून तिघं निघाले.

आताच्या वाचकांनी देवीचा रोग पाहिलेला नाही, फार चांगलं झालं. आधी ताप, मग अंगभर फोड. किती तरी मुलं जायची. वाचली तर चेहऱ्यावर वण राहायचे, काहींचे डोळे जायचे. पण आमच्या भागात याला रोग म्हणत नसत. “माता आली” म्हणत. ती पाहुणी, तिची बडदास्त ठेवायची. दाराला लिंबाचे डहाळे बांधायचे, घरात फोडणी द्यायची नाही, कुणी केस विंचरायचे नाहीत. अशा घरात मी सुई घेऊन जायचो म्हणजे लग्नघरात जप्तीचं वॉरंट घेऊन जाण्यासारखंच होतं.

माझा धंदा तसा दोन वाक्यांत सांगून होईल. केसासारख्या बारीक काचेच्या नळीत लस यायची. तिची टोकं मोडून थेंब दंडावर ठेवायचा, त्यावर फिरकीची सुई टेकवून गर्रकन फिरवायची, की झालं. खरं काम आठव्या दिवशी असायचं. त्या दिवशी परत जाऊन दंड बघायचा. टोचलेल्या जागी मोत्यासारखा टपोरा फोड आला असेल तर लस लागली. नुसती खपली असेल तर लागली नाही, पुन्हा टोचा. हातच्या कंकणाला आरसा कशाला? माझ्या धंद्यात श्रद्धा, शंका, वादविवाद या सगळ्याचा निकाल आठव्या दिवशी दंडावर लागायचा. मला त्याचा गर्व होता. चतुर्थीला मी कळंबच्या चिंतामणीला जायचो, नारळ फोडायचो, पण कामात देव आणायचा नाही आणि देवात काम आणायचं नाही, असा माझा खाक्या होता. लस वासराच्या अंगावर वाढवतात हे कळल्यावर एक कर्मठ गृहस्थ दंड पुढे करायच्या ऐवजी ओंजळ पुढे करून “थोडी प्यायलाच द्या” म्हणाले होते. त्यांनाही मी टोचूनच सोडलं.

मात्र लस एका गोष्टीला भारी भ्यायची, उन्हाला. बर्फात असेपर्यंत जिवंत, तापली की मेली. आणि मेलेली लस दिसायला जिवंत लशीसारखीच असते. यवतमाळहून बर्फ एस.टी.ने उमरखेडला यायचा, तिथून मी तो थर्मासात भरून सायकलवर न्यायचो. वैशाखातला आमचा जिल्हा ज्यांनी पाहिलाय त्यांना पुढचं सांगायला नको.

नोकरीला लागलो तेव्हा आमचा जिल्हा मध्य प्रदेशातून नुकताच मुंबई राज्यात आला होता. ही गोष्ट त्यानंतरची, महाराष्ट्र होऊन एक-दोन वर्षं झाली होती, त्या उन्हाळ्यातली. उमरखेडच्या अलीकडे माळावर बंजाऱ्यांचा एक तांडा आहे. त्याचं नाव लिहीत नाही. कधीकाळी हे लोक बैलांवर माल लादून मुलूखभर फिरायचे, आता शेती करून राह्यले होते. चार वर्षं या तांड्यानं मला एकही दंड दाखवला नव्हता. नायक, म्हणजे तांड्याचा प्रमुख, चहा पाजायचा आणि म्हणायचा, “माही ना नाई. सोमली याडीले इचारा.”

याडी म्हणजे आई. सोमली याडी कुणाचीच सख्खी आई उरली नव्हती. लहानपणी देवीच्या साथीत तिचं सगळं घर गेलं आणि ती एकटी वाचली. चेहरा वणांनी भरलेला, डावा डोळा पांढरा. तांड्याच्या शिवेवर सात शेंदरी दगड होते, त्यांची पूजा तिच्याकडे. त्यातली मधली सीतळा याडी, देवीच्या रोगाची देवी, तिला थंड पाणी घालायचं, शिळं थंड अन्न द्यायचं. म्हातारी बोलताना माझ्याकडे उजव्या डोळ्यानं बघायची, पण मला सारखं वाटायचं की बघतोय तो पांढराच डोळा.

त्या वर्षी आसपासच्या गावांत साथ होती. मी सकाळीच तांड्यात गेलो आणि दोन तास डोकं फोडलं. शेवटी ती म्हणाली, “बेटा, हे दवाई याडीच्या पुढं ठेव. दिवस कलेवर राहू दे. तिनं ना नाई म्हणलं, तं सारे हात पुढं करतीन.”

मला काय, चार वर्षांनी वाट दिसत होती. थर्मास दगडांपुढे ठेवला, झाकण घट्ट आहे हे पाहिलं, आणि पळसाच्या सावलीत बसून घरोघरची नावं लिहून घेतली. तिसऱ्या प्रहरी उठून गेलो. झाकण शेजारी काढून ठेवलेलं. आत लशीच्या नळ्या जशाच्या तशा, पण बर्फाचा खडाही नाही. नळ्या हाताला कोमट लागल्या.

“बर्फ कुठं गेला?” मी विचारलं.

“तिले देल्ला,” म्हातारी म्हणाली. तिच्या आवाजात जराही लपवाछपवी नव्हती. “वर्षभर आमी तिले पाणी घालतो. पाणी दुपारले तापून जाते. तू तं दगडावाणी थंडं घेऊन आला. तिच्या आंगाची आग इझवाले आनखी काय पायजे?”

रागवावं की हसावं मला कळेना. तिच्या बाजूनं पाहिलं तर तिनं काडीचीही चूक केली नव्हती. थंडाव्याच्या देवीपुढे जन्मात न पाहिलेला थंडावा आला आणि तिनं तो वाहिला. मी मधल्या दगडाला हात लावला. वैशाखातल्या त्या उन्हात तो गारठून गेलेला होता. ते ठीक, बर्फच वाहिला होता. पण दगडांच्या बुडाशी माती कोरडी ठणठणीत होती. थर्मासभर बर्फ वितळला तर निदान ओल तरी दिसावी. “पाणी कुठं गेलं?” म्हटलं, तर तिथं बसलेल्या एका बाईनं सरळ उत्तर दिलं, “पेली ना ते.” तापलेली माती पाणी झटकन पिते, हे मला माहीत होतं. तेच मी स्वतःला सांगितलं.

आता पेच पडला. “तुमच्या देवीनं दवाई मारली” असं म्हणालो असतो तर हा तांडा कायमचा बंद. म्हातारी तर हसतमुखानं बाह्या वर करायला सांगून राह्यली होती. मी मनाशी हिशेब केला, आज नुसतं टोचून घेऊ, हात तर मोकळे होतील. आठव्या दिवशी ताजी लस आणू आणि खपल्या पडलेल्यांना पुन्हा टोचू. मेलेली लस आहे हे माहीत असताना मी त्रेसष्ट दंडांवर फिरकी फिरवली. एकही मूल रडलं नाही. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तीन कोसांवरच्या एका शेतकरी गावाची पाळी होती. तिथं आदल्या दिवशीच दवंडी पिटली होती, लोक शेतावर न जाता घरी थांबले होते. परत फिरलो असतो तर त्यांची मजुरी बुडाली म्हणून त्यांनी मला शिव्या घातल्या असत्या आणि वर अर्ज केला असता. एवढ्याशा कारणासाठी मी तोच थर्मास सायकलच्या कॅरिअरला बांधला आणि भर उन्हात निघालो. नळ्यांत थोडाफार जीव असेल, असं वाटेवर पुटपुटत होतो. त्या गावी शेवंताबाई म्हणून एक बाई होती, तिची पाच वर्षांची सुमन रांगेत पहिली उभी राहिली. धाकटा गजानन मामाच्या गावी गेला होता म्हणून राहिला. टोचून झाल्यावर शेवंताबाईनं विचारलं, “आता घोर नाई ना?” मी म्हणालो, “आता काही घोर नाही.” सवयीनं म्हणालो.

आठव्या दिवशी मी तांड्यावर गेलो तेव्हा ताजी लस मिळालेली नव्हती, नुसते दंड बघायला गेलो. कोणत्या वेळी येणार हे मी कुणाला कळवलं नव्हतं. भर दुपार. तांड्यात शिरलो तर एक कुत्रं भुंकलं नाही. शिवेवरच्या सात दगडांसमोर सगळा तांडा ओळीनं बसलेला, बायामाणसं, म्हातारे, अंगावरची पोरं, सगळ्यांचे डावे दंड उघडे आणि माझ्या दिशेनं वळवलेले. बायांच्या ओढण्यांवरच्या आरशांचे कवडसे दगडांवर हलत होते, तेवढीच काय ती हालचाल.

मी वही उघडून पहिल्या पोराचा दंड बघितला. टपोरा फोड. दुसऱ्याला फोड. दहाव्यापर्यंत मला बरं वाटत होतं. विसाव्यानंतर मी वहीतली नावं पुन्हा पहिल्यापासून ताडून बघू लागलो. ताज्या, बर्फातल्या लशीनंसुद्धा शंभर टक्के दंड कधी लागत नाहीत. काहींच्या अंगाला ती धरतच नाही, काही आया घरी जाऊन शेणानं पुसून टाकतात. इथे कोमट नळ्यांतून टोचलेल्या त्रेसष्टच्या त्रेसष्ट दंडांवर एकसारखा मोती होता. वही मिटणार, तोच सोमली याडीनं आपली बाही वर केली. तिला मी टोचलं नव्हतं. अंगभर देवी येऊन गेलेल्या माणसाला टोचायची गरजच नसते. तिच्या सुरकुतलेल्या दंडावर, अगदी त्याच जागी, फोड होता.

“हे कसं?” मी विचारलं.

“तूच सांग. वही तुयापाशी हाय.”

मी कारणं शोधली. ती दिवसभर पोरांना मांडीवर घेऊन असायची, एखाद्याच्या फोडातलं पाणी तिच्या ओरखड्याला लागलं असेल. असं होतं, मी पाहिलंय. पण दंडाच्या त्याच जागी? उठताना मी मधल्या दगडाला पुन्हा हात लावला. आठ दिवस उलटले होते. तो हात मी पटकन काढून घेतला आणि धोतराला पुसला. किती थंड होता ते लिहिलं तर तुम्ही विश्वास ठेवणार नाही, म्हणून लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी त्या शेतकरी गावात गेलो. एकही दंड लागलेला नव्हता. सगळ्यांना नुसत्या वाळलेल्या खपल्या. त्याच नळ्या, तीच सुई, टोचणारा हात तोच.

तांड्याची वही वरिष्ठांपुढे ठेवली तेव्हा त्यांनी चष्म्यावरून बघितलं. “झाडाखाली बसून भरली का हो? शंभर टक्के कुठं लागते का लस? अठ्ठावन्न करा.” नोकरीत मी काही वह्या खरोखरच झाडाखाली बसून भरल्या होत्या, त्या निमूट मंजूर झाल्या. ही एकच अक्षरशः खरी होती, तर तिला खोटी ठरवलं. मी पाच दंड खोडले. म्हातारीचा तर मुळात लिहिलाच नव्हता. आज कुणी ते दप्तर उपसलं तर त्यात चमत्काराचा पुरावा सापडणार नाही, एका साध्या तांड्याचं चांगलं काम सापडेल.

आणि नव्या लशीची मागणी लिहिताना मी ‘लस खराब झाली’ असं लिहिलं नाही. का झाली, कुणाच्या हलगर्जीनं झाली, हे विचारलं गेलं असतं. मी लिहिलं, ‘लस कमी पडली’. खराब लशीच्या जागी चार दिवसांत नवी यायची. कमी पडलेली लस पाळीनं यायची. तिला तीन आठवडे लागले.

या काळात मी एका डॉक्टरांना, नाव-गाव न सांगता, विचारून पाहिलं. ते म्हणाले, “लस काही तासाभरात मरत नाही, हळूहळू मरते. पहिल्या दिवशी तिच्यात दम असेल. दुसऱ्या दिवशी सायकलवर उन्हातून नेली ना, तिथं ती मेली.” हे शास्त्राला धरून होतं. फक्त त्याचा अर्थ असा होता, की म्हातारीनं बर्फ काढला तरी लस जिवंत होती, आणि मारली ती मी.

नवी लस घेऊन निघालो तेव्हा वाटेत तांडा लागला. साथ तिथं फिरकलीही नव्हती. सोमली याडी दगडांपाशी बसली होती. तिनं मला बोलावून पाणी दिलं आणि म्हणाली, “तिकडच्या गावात माता उतरली. एक पोरगी गेली. तू जिवाले लावून घेऊ नोको. दवाई तं याडीनं त्याच दिवशी घेतलती. आमाले तिनं आपल्या हातानं देल्लं. त्याइनं तिले काई देल्लं नव्हतं, म्हणून त्याइले नाई भेटलं. तुया सुईत काईच नव्हतं, बेटा.”

पुढचे तीन कोस मला हलकं वाटलं, हे मी कबूल करतो. सगळा पुरावा तिच्या बाजूनं उभा होता, त्रेसष्ट दंड, तिचा स्वतःचा दंड, न रडलेली पोरं, तो दगड. आणि तिचं खरं मानलं तर मी सुटत होतो. चमत्कारावर विश्वास ठेवायला माणसाला इतकं सोयीचं कारण क्वचितच मिळतं. त्याची मला भीती वाटली ती मात्र गावाच्या वेशीत शिरल्यावर.

शेवंताबाईच्या दाराला लिंब बांधलेला होता. गेलेली पोरगी सुमन होती, चार दिवस झाले होते. गजाननला मामानं परत आणून सोडलं होतं. मी पोचलो तेव्हा शेवंताबाई त्याला कडेवर घेऊन, हातात पाण्याचा तांब्या घेऊन दाराबाहेर पडत होती. मोकळे केस, पायात वहाण नाही.

“कुठं निघाल्या?”

“तांड्यात. तेथल्या बुडीनं देवीले बरफ देल्ला, त्याइचं एक लेकरू गेलं नाई. बरफ मी कोठून आणू? पाणी घेऊन चालली.” ती थांबली. “तुमी आता कायले आले, डाक्टर? टोचलं तं होतं तुमी.”

त्या घरात रोग होता, पोरगा त्यात येऊन पडला होता. त्याला त्याच दिवशी टोचणं भाग होतं. मी हात पुढे केला, ती मागे सरकली. पुराव्याचं तिला मी काय सांगणार? तिच्यापुढचा पुरावा स्वच्छ होता. देवीला दिलं ते वाचले, मला दंड दिला ती गेली. तिच्या जागी कुणीही असता तरी तो तांब्या घेऊन चालू लागला असता.

“शेवंताबाई,” मी म्हणालो, “सुमनला टोचलं त्या सुईत दवाई नव्हती.”

“म्हंजे?”

“होती, पण मेलेली. उन्हात नेऊन मी मारली. मला ठाऊक होतं, तरी टोचलं. आणि घोर नाही म्हणून सांगितलं.”

सोमली याडीचं खरं असेलही. पण ते बोलून मी त्या पोराचा दंड मागू शकत नव्हतो. शेजारची माणसं जमली होती, त्यांच्यातला एक जण पुढे आला, शेवंताबाईनं त्याला हातानं थांबवलं. मग तांब्या खाली ठेवला, पोराची बाही वर केली आणि म्हणाली, “टोचा. पन आठ दिवस माया वसरीवून हालाचं नाई.”

मी गावात राहिलेल्या सगळ्यांना टोचलं आणि तिच्या ओसरीवर आठ दिवस काढले. वरती कळवलं, ‘साथ, मुक्काम आवश्यक’. ती दोन वेळा बिनफोडणीचं वरण आणि भाकर माझ्यापुढे सरकवायची. रोज सकाळी पोराला माझ्यासमोर उभं करायची, दोघं मिळून दंड बघायचो. तिसऱ्या दिवशी लाल ठिपका. पाचव्या दिवशी फुगवटा. ताप आला तेव्हा ती रात्रभर माझ्यावर नजर ठेवून बसली. तो लशीचा होता, उतरला.

आठव्या दिवशी फोड भरला. तिनं पोराचा दंड उजेडाकडे वळवला आणि फोडाच्या कडेनं अलगद बोट फिरवलं.

“हे दवाईनंच आलं?”

“हो.”

“पक्कं? देवीनं नाई?”

“दवाईनं. आता याला देवी येणार नाही.”

तिनं बाही खाली ओढली, पोराला छातीशी धरलं, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, “मंग माही सुमन बी वाचली असती.”

मी हो म्हणालो.